फिल्टरवरचं पिवळं फडकं

कबूल करते... ही पोस्ट आठवडाभर ढकलतेय. रोज लिहायला बसते, गॅलरीतून खाली गाडीच्या टपावर झोपलेलं मांजर दिसतं, त्याचे फोटो काढते आणि राहून जातं. आज मांजर नाहीये, म्हणून लिहितेय.

तर गाडी. बाबांची जुनी पेट्रोल हॅचबॅक. डिप्लोमा अर्धवट टाकून मी वाघोलीच्या घरातून निघाले आणि वारज्यात खोली घेतली, तेव्हा वाटलं होतं मोठं भांडण होणार. बाबांनी नुसती किल्ली पुढे केली. "शिक्षण सोडलंस, निदान टायरमधली हवा तरी सोडू नकोस," एवढंच म्हणाले.

तेव्हापासून आमचं बोलणं म्हणजे दर रविवारी त्यांचा एक मेसेज... "ऑइल बघितलंस का?" मी अंगठा पाठवते. बघत मात्र नाही.

गेल्या महिन्यात तीन मैत्रिणींना घेऊन दिवे घाट चढत होते. एसी बंद, सेकंड गिअर, ॲक्सिलरेटर पार तळाला, आणि कांद्याच्या गोण्या भरलेला ट्रक शेजारून आरामात पुढे गेला. वर ड्रायव्हरने हात करून टाटाही केलं. मागून स्नेहल म्हणाली, "उतरून ढकलू का गं?"

हसले सगळ्यांबरोबर. पण घरी येऊन ठरवलं, एकतर हिला पळवायचं, नाहीतर विकायचं. विक्रीची जाहिरात टाकलीसुद्धा... बाबांना न सांगता. रविवारी एक जण गाडी बघायला येणार होता.

शनिवारी शेवटचा प्रयत्न म्हणून इक्बालभाईंकडे गेले. आमच्या गल्लीच्या टोकाला त्यांचं जेमतेम दोन गाड्या मावतील एवढं गॅरेज आहे. रात्रभर व्हिडिओ बघून मी स्वस्तात जमणाऱ्या गोष्टींची यादी केली होती... बाहेरची गार हवा खेचणारं इनटेक, गुरगुरणारा फ्री-फ्लो सायलेन्सर, ईसीयूचं म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं ट्यूनिंग, अजून काय काय.

त्यांनी यादी नीट वाचली, मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "आवाज वाढवायचाय का जोर?"

"जोर."

"मग हा सायलेन्सर यादीतून खोडून टाक. बाकीचं नंतर बघू. आधी हिचा स्वतःचा जोर कुठे गेला ते शोधू दे."

बॉनेट उघडताना ते बोलत होते. टर्बोवाल्या गाडीच्या नाकात पंखा हवा कोंबतो, म्हणाले. "हिला असलं कोणी नाही बेटा. जेवढा श्वास स्वतः ओढेल तेवढंच पळेल. म्हणून हिचं नाक आधी बघायचं."

आणि त्यांनी एअर फिल्टरचा डबा उघडला.

आत फिल्टर दिसतच नव्हतं. त्याच्यावर एक कापड चढवलेलं होतं, कडेने रबर घालून, उशीच्या अभ्र्यासारखं बेतून शिवलेलं. धुळीने काळं झालेलं. इक्बालभाईंनी झटकलं तेव्हा कोपऱ्यातून पिवळा रंग दिसला आणि हिरवी बारीक फुलं... आईची जुनी सुती साडी!

"हा कोणाचा जुगाड?" ते म्हणाले. "गाडीला मास्क घातलाय. वर कधी धुतलापण नाही!"

मला एका सेकंदात सगळं कळलं. वाघोलीत आमच्या घराभोवती वर्षानुवर्षं बांधकामं चालू आहेत, धूळ थांबतच नाही. फिल्टर लवकर खराब होऊ नये म्हणून बाबांनीच हे शिवलं असणार. सर्व्हिस सेंटरवाले लुटतात, या मतामुळे गाडीला दुसऱ्या कोणाचा हात कधी लागलाच नाही. आणि माझ्याकडे आल्यापासून मी तो डबा एकदाही उघडला नव्हता.

दुपारपर्यंत काम झालं. साधं कंपनीचंच नवं फिल्टर, नवे स्पार्क प्लग, इंजिनात हवा सोडणाऱ्या थ्रॉटल बॉडीची सफाई. मागचा एक ब्रेक चाक धरून ठेवत होता, तो मोकळा केला. टायरमध्ये हवा भरली (हो बाबा, कमी होती). डिकीतून सिरॅमिक शिकणार होते तेव्हाची मातीची दोन पोती निघाली... ती घेऊन मी इतके महिने घाट चढत होते!

संध्याकाळी एकटीच दिवे घाटात गेले. थर्ड गिअरमध्ये चढली. रेसिंग कार वगैरे काही झाली नाही, पण वर पोचल्यावर एसी चालूच होता हे बघून मी एकटीच हसत बसले. नवीन काही बसवलं नव्हतं, तिचंच तिला परत मिळालं होतं. तिथेच जाहिरात काढून टाकली आणि त्या माणसाला येऊ नका म्हणून कळवलं.

इथपर्यंत ठीक होतं. पण त्याच आनंदात मी फडक्याचा फोटो बाबांना पाठवला. खाली लिहिलं, "तुमचे प्रताप! गळा दाबून ठेवला होतात गाडीचा."

वाचल्याच्या दोन निळ्या खुणा आल्या... उत्तर नाही. रविवार आला, ऑइलचा मेसेजही नाही. पहिल्यांदाच.

आठवडाभर मी ते फडकं बघतेय. धुऊन गॅलरीत वाळत घातलंय. टाके इतके सरळ आहेत की मोजून घातले असावेत. आईच्या मशीनवर बसून, चष्मा नाकावर घेऊन, मापं घेऊन एका माणसाने हे शिवलं, गाडीला धूळ लागू नये म्हणून. चुकलं त्यांचं, पण मी कधी कशाची एवढी काळजी घेतली आहे? मला सॉरी म्हणायचंय, पण फोन उचलते आणि मांजराचेच फोटो काढत बसते. पोस्ट रखडली ती खरं तर मांजरामुळे नाही...

एक मिनिट. खाली गाडीजवळ कोणीतरी उभं आहे. वाकून टायर दाबून बघतंय.

बाबा आहेत. वाघोलीहून दोन बस बदलून, माझ्याकडे पहिल्यांदाच. एका हातात नव्या फिल्टरचा खोका... आणि दुसऱ्या हातात, रबर घालून शिवलेलं, एक कोरं करकरीत फडकं.