केर काढायचा नाही

आमच्या हिच्या मामांइतका गावाला चिकटलेला माणूस अख्ख्या बुरहाणपुरात सापडायचा नाही, आणि गाव सोडून गेलेल्यांचं संग्रहालय काढायचं वेड नेमकं त्यांनाच लागावं! त्यांच्या लेखी खंडव्यापुढं बदली झाली की माणूस परदेशी. तापीच्या घाटावर जुनी जकातचौकी आहे. पूर्वी नावेतून उतरलेल्या मालावर तिथं कर घ्यायचे, म्हणून मामा तिला बंदर म्हणतात. उन्हाळ्यात त्या बंदरात म्हशीचं पोटसुद्धा भिजत नाही. पण मामा पडले शाळामास्तर, त्यांच्यापुढं बोलायची कुणाची टाप आहे! लोधीपुऱ्यात दारोदार हिंडून त्यांनी वस्तू जमवल्या आणि त्या चौकीत मांडल्या. सुरतेला गेलेल्या विणकराचा धोटा, इंदूरला दुकान हलवलेल्या हलवायाचा झारा, पुण्याला स्थायिक झालेल्या वकिलाची मोडकी छत्री. त्या छत्रीसमोर त्यांनी मला चपला काढायला लावल्या होत्या.

भानगड एकच होती. प्रवासाला निघालेलं माणूस पोचल्याचं कळेपर्यंत घरात केर काढायचा नाही, ही आपल्याकडची जुनी रीत. मामांनी ती थेट संग्रहालयाला लावली. "जावईबापू, हे सगळे निघालेत. पोचल्याची पक्की खबर आलीय का कुणाची?" झाडूवाली सखूबाई रोज दारातूनच परत जायची. धूळ इतकी साचली, की झारा कुठला आणि छत्री कुठली ते कळेना.

पाहणीला नगरपालिकेचे एक साहेब आले ते शिंकतच बाहेर पडले. "मास्टरजी, ये म्यूजियम है कि कबाड़खाना? सोमवार तक साफ नहीं हुआ, तो यहाँ पार्किंग बनेगी!"

आम्ही सगळ्यांनी मामांना हात जोडले. मामा ढिम्म. शेवटी मामी वैतागून म्हणाल्या, "अहो, घरात तरी काय वेगळं आहे? शिरीष कॅनडाला गेल्यापासून त्याच्या खोलीला ह्यांनी झाडू लागू दिलेला नाही." शिरीष त्यांचा एकुलता एक. इतके दिवस मामांची टिंगल करत होतो, त्या क्षणी मात्र मला हसू येईना.

रविवारी मामांनी आमच्यासमोरच त्याला फोन लावला.

"शिरीष, पोचलास का रे?"

"काय पप्पा, किती साल झाले! आता तर घर पण घेतलं इथं."

"ते नाही विचारत. पोचलास का, तेवढं सांग."

मग तो म्हणाला, "पोचलो, पप्पा."

"सुखरूप?"

"सुखरूप."

सोमवारी चौकी लख्ख झाली आणि वाचली. पण त्या रविवारी मामांनी झाडू उचलला तो आधी शिरीषच्या खोलीसाठी. आत जाऊन त्यांनी दार लोटून घेतलं. आम्ही बाहेर बसून राहिलो. झाडूचा आवाज यायला बराच वेळ लागला.