चुना मारलेली भिंत

नातीचे ओठ निळे पडले होते. सात वर्षांची पोर माझ्या मांडीवर बसून श्वास ओढत होती आणि तो आत जात नव्हता. दिल्लीतल्या मुनिरक्याच्या आमच्या गल्लीत रिक्षा शिरत नाही. सून पुढे रिक्षा थांबवायला धावली, मी पोरीला खांद्यावर टाकून मोठ्या रस्त्यावर आणलं.

सरकारी दवाखान्यात वाफ दिली तेव्हा कुठे छाती हलली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, राहता कुठे? मी सांगितलं, तळमजल्यावर एक खोली, मुलगा गेल्यापासून आम्ही तिघीच. वरचा पाइप गळतो, मागची भिंत ओलीने काळी झालीय. त्या म्हणाल्या, "दम्याला औषध देते. भिंतीवरचं औषध शेजारच्या खोलीत बसतं."

शेजारी वकीलबाई होत्या. लहान मुलांच्या डॉक्टरांनी पाठवलेल्यांचं काम त्या फुकट करत. आमच्याकडे भाड्याचा कागद नव्हता. घरमालक हाकलेल म्हणून सून रडायला लागली. वकीलबाई म्हणाल्या, कागद नसला तरी असं उचलून बाहेर टाकता येत नाही. परवा डॉक्टरीणबाई आणि मी येऊन भिंतीचे फोटो काढतो.

इथे मी माती खाल्ली. डॉक्टर आणि वकील घरी येणार, त्यांना काळी भिंत कशी दाखवायची? मी चुना आणला आणि सुनेला हाताशी घेऊन भिंत पांढरी केली.

दोघी आल्या. भिंत बघून वकीलबाईंनी फोटोसाठी काढलेला फोन परत पिशवीत ठेवला. घरमालक दारात उभा होताच. म्हणाला, "तुम मराठी लोग सफाई बहुत रखते हो अम्मा. दीवार तो चकाचक है. अब बच्ची की बीमारी भी मेरे सिर?"

मला माझाच राग आला. उलथनं घेतलं आणि भिंत खरवडायला लागले. चुन्याचे पापुद्रे पडले, खालून काळं निघालं, मग ओला गिलावाच हातात आला. घरमालक ओरडला, मेरी दीवार तोड रही हो. मी थांबले नाही. म्हटलं, "आठ दिन तुम यहाँ सोओ. मैं तुम्हारे पलंग पर सोती हूँ."

वकीलबाईंनी फोटो काढले. डॉक्टरीणबाईंनी तिथेच बसून लिहून दिलं, या ओलीमुळे पोरीचा दमा वाढतो. दोन्ही जोडून वकीलबाईंची नोटीस घरमालकाला गेली. त्याने उलट खोली खाली करायला सांगितली. शेजारणी म्हणाल्या, पाण्यात राहून मगरीशी वैर नको. मी चौथी शिकलेली, पण नोटिशीची नक्कल दाराला आतून चिकटवली आणि तो आला की बोट दाखवायची. महिनाभर कुरकुरला, शेवटी पाइप बदलला आणि भिंत नव्याने गिलावून दिली.

त्यानंतर दिल्लीचे दोन हिवाळे गेले. आम्ही तिघी त्याच खोलीत राहतो. पोर जगली.