अकरा नोटांना कुंकू

आमच्या घरात दोन वर्षं एक गुन्हा राहत होता, कुळथाच्या पिठाच्या डब्यात. गुन्हा हा माझा शब्द. बाबा त्याला ‘ताईची सोय’ म्हणायचे.

ताईचं लग्न मस्कतला व्हायचं होतं. मुलाकडचे आपल्यासारखेच कोकणातले, पण वीस वर्षं तिकडेच स्थायिक. मुलाला रजा मिळेना, म्हणून लग्न तिकडच्याच देवळात करायचं ठरलं. खर्चाचं ते काही बोललेच नव्हते. बोलले ते आमचे बाबा. कुणी न विचारता फोनवर ‘निम्मा खर्च आमचा’ असं सांगून मोकळे झाले. मुलीचा बाप म्हणून मी हात हलवत जाणार नाही आणि तिथे जाऊन व्याह्यांपुढे हात तर मुळीच पसरणार नाही, हे मग आम्हाला रोजच्या जेवणाबरोबर ऐकावं लागलं. कारकुनाच्या पगारावर डॉलर जमवायचे म्हणजे आ बैल मला मार!

फुलपाड्याच्या आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक काका राहायचे, मूळचे अर्नाळ्याचे, जहाजावर नोकरीला. ते सुट्टीवर आले की बाबा साठवलेले रुपये घेऊन खाली जात आणि शंभर डॉलरची एखादी नोट घेऊन वर येत. पावती नाही, कागद नाही. नव्वदचं दशक संपत आलं होतं. परदेशी पैसे असे घेतले, घरात ठेवले, तर नेमकी काय शिक्षा होते हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि विचारणार तरी कुणाला? ठाऊक नसल्यामुळे मी मनातल्या मनात जन्मठेपेपर्यंत पोचले होते. मी तेव्हा वीस वर्षांची, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आणि उपजतच भित्री. मीटर बघायला येणारा माणूस दारात उभा राहिला तरी माझी नजर आधी त्या डब्याकडे जायची. पाण्याच्या टँकरपाशी गलका झाला तरी वाटायचं, आले. आई मात्र बिनघोर होती. पिठाला ऊन दाखवताना ती नोटांनाही दाखवायची आणि मी धावत जाऊन खिडकीचा पडदा ओढायचे.

लग्नाच्या आधीची दिवाळी आली तेव्हा नोटा अकरा झाल्या होत्या. लक्ष्मीपूजनाला आईने पाटावर केरसुणी, तिचे तोडे, पाटल्या आणि त्या नोटा मांडल्या. वरच्या नोटेला हळदकुंकू लावून ती लाह्या-बत्तासे आणायला आत गेली. मला वाटलं, एकीलाच का? बाकीच्या दहांनी काय पाप केलंय? मी नोटा पसरल्या, बोट पाण्यात बुडवलं आणि उरलेल्या दहाही नोटांवरच्या त्या गोऱ्या म्हाताऱ्याला कपाळावर नेमकं हळदकुंकू लावलं. आई बाहेर येऊन बघते तो काय, अकरा म्हातारे टिळा लावून बसलेले. ती पोट धरून हसली. “आता हा आपल्यातला झाला,” म्हणाली. बाबांनीही हसून नमस्कार केला. त्या घरात त्या दिवशी कुणालाच काही वावगं वाटलं नाही. आमच्या रुपयांना कुंकू लागतच होतं आणि वाणी ते घेतच होता.

भाऊबीजेला मी फराळाचं ताट घेऊन काकांकडे गेले. ते दुसऱ्या दिवशी जहाजावर निघणार होते. टिळ्याची गंमत मी त्यांना अगदी रंगवून सांगितली. ते हसले नाहीत. हातातली करंजी त्यांनी ताटात परत ठेवली.

“पोरी, तिकडं डाग पडलेली नोट कोनी घेनार नाय. पेनाची रेघ दिसली तरी परत करतात.”

इथल्या बँकेत बदलून मिळेल का, असं मी विचारलं. ते म्हणाले, बँक आधी विचारेल, आनली कुठून? मग काय सांगशील?

त्या दुपारी घरात कुणी नसताना मी एक नोट काढली आणि कापसाला साबण लावून टिळा पुसू लागले. हळदीला साबण लागला की ती लालभडक होते, हे शाळकरी पोरालाही माहीत असतं. मला तेव्हा आठवलं नाही. म्हाताऱ्याचं अख्खं तोंड रक्त लागल्यासारखं झालं. मी ती नोट वाळवून गड्डीच्या मधोमध सरकवली आणि डबा लावला.

लग्नाला साडेतीन आठवडे होते. तेवढ्या दिवसांत मी बाबांना सांगायला निदान वीसदा गेले असेन. कधी ते दाढी करत असत, कधी तिकिटांसाठी फंडातून काढलेल्या पैशांचा घोर लागलेला असे, आणि मी ‘चहा टाकू का?’ विचारून परत येई. शेवटी आईने नोटा पोलक्याच्या आत खिसा करून शिवून टाकल्या, तेव्हा सुई-दोरा मीच ओवून दिला. चौथं तिकीट परवडणारं नव्हतं, म्हणून मी मागे राहिले. ते तिघे निघाले तेव्हा मला खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं आणि त्याची आजही लाज वाटते.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी बाबांचा फोन आला. म्हणाले, सगळं नीट झालं, दार नीट लावून झोप.

आई परत आली ती हातात नुसत्या हिरव्या बांगड्या घालून. विचारणाऱ्या बायकांना सांगायची, तोडे-पाटल्या लेकीच्या हातात घातल्या. बायकांना ते पटलं. पण आई वर्षानुवर्षं म्हणत आली होती, तोडे मोठीला, पाटल्या धाकटीला. धाकटी मी. दोन्ही गेलं म्हणजे नोटांऐवजी सोनं मोडावं लागलं हे मला दारातच कळलं, आणि मी वर्षभर तोंड उघडलं नाही. बाबा हाक मारायचे तेव्हा वाटायचं, आता विचारणार. ते दरवेळी काहीतरी साधंच विचारायचे.

पुढच्या लक्ष्मीपूजनाला पाटावर केरसुणी होती, दागिना नव्हता. बाबांनी कपाटातून एक पाकीट आणून पाटावर ठेवलं. आत अकराच्या अकरा नोटा. त्यांनी मधली एक ओढून वर काढली, लाल तोंडाची.

“ही तू धुतलीस.”

मी मान हलवली.

“तेव्हाच सांगायचं होतंस. मी तिथे नोटा बदलणाऱ्या माणसाशी ‘नुसतं कुंकू आहे’ म्हणून तासभर भांडत होतो, त्याने ही नोट काढून दाखवेपर्यंत. जावई शेजारी उभा होता.”

आईने हळदकुंकवाची कोयरी माझ्यापुढे सरकवली आणि बाबा म्हणाले, “लाव आता. कुठे न्यायच्या नाहीत.”

मी बोट बुडवलं. ते लाल तोंडापाशी येऊन थांबलं तेव्हा आईने माझं मनगट धरून पुढे नेलं, आणि तिच्या हातातल्या काचेच्या बांगड्या माझ्या हातावर घसरून आल्या.