सिम नवे, पाळत जुनी

परभणीत पोलीस ठाण्याचा प्रभारी असताना हाताळलेले एक प्रकरण निवृत्तीनंतरही माझ्या डोक्यातून जात नाही.

तिशीतली एक बाई तक्रार अर्ज घेऊन आली. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून तिने सोनपेठ सोडले होते. पेडगावला भावाकडे राहून ती शहरात कापड दुकानात नोकरी करत होती. पण ती जाईल तिथे नवरा हजर व्हायचा. पालमला तर मैत्रिणीच्या दारात त्याने तिला केस धरून ओढले. पालमला जाणार हे तिने फक्त भावाला सांगितले होते.

"दादाच सांगायलाय त्याला," ती म्हणाली. "मग परत सासरीच जाते, साहेब. तिथं निदान मारणारा कोण हाय ते माहीत असतंय."

ते ऐकून मला लय राग आला, अन् तो आधी भावावरच निघाला. त्याला बोलावून जबाब घेतला. कितीही फिरवून विचारले तरी तो एकच सांगत राहिला, की दाजींशी आपले बोलणेच नाही. कॉल रेकॉर्डही तेच सांगत होते. खोटे बोलणारा तपशील वाढवत जातो. याला फक्त बहिणीने संशय घेतल्याचे लागले होते.

मग नवऱ्याला आणले. तो निवांत होता. बोलता बोलता फुशारकीने म्हणाला, "मोबाईल मीच घेऊन दिला, मीच चालू करून दिला. तिला काय कळतंय त्यातलं?"

मी लगेच बाईचा मोबाईल मागवला. घर सोडले त्याच दिवशी सिम बदलले, म्हणजे मोबाईल नवाच झाला, अशी तिची समजूत होती. आमच्या महिला हवालदाराने सेटिंग्ज उघडल्या. मोबाईल चालू करताना टाकलेले खाते नवऱ्याचेच होते आणि लोकेशन चालू होते. तो घरबसल्या तिचा ठावठिकाणा पाहत होता. पंचांसमक्ष सगळे नोंदवून मगच ते खाते काढले.

आपल्याकडे घरातला एकजण मोबाईल चालू करून देतो आणि बाकीचे तो वर्षानुवर्षे तसाच वापरतात. आता मी दर महिन्याला सेटिंग्ज उघडून बसतो. खाते कुणाचे, ठिकाण कुणाला दिसते, कॅमेरा आणि माइक कोणत्या अ‍ॅपला दिलाय, सगळे पाहतो आणि नको ते बंद करतो. साहेबांची गस्त निघाली, असे बायको चिडवते. चिडवू दे, आता तिचा मोबाईल तीही तपासते.

त्या दिवशी गुन्हा नोंदवून झाल्यावर ती बाई मोबाईल घेऊन बाकावर बसली. भावाशी तिने बोलणे सोडले होते. शेवटी तिने फोन लावला.

"दादा, मी ठाण्यात हाय," ती म्हणाली. "हे आता फक्त तुलाच माहीत हाय. न्यायला येतोस का?"