कवडू गुरुजींचं मोहफूल

शिक्षक जन्मालाच यावा लागतो, असं कोणी माझ्यासमोर म्हटलं की माझं डोकं फिरतं. काही जन्माला येत नाही! मी जन्मले चिचगडला, तीही रडकी आणि हेकट. शिकवायचं कसं हे मला शिकवलं केशोरीच्या कवडू गुरुजींनी, आणि तेही वर्गात मागच्या टाटपट्टीवर पोरींच्या रांगेत मांडी घालून.

गोष्ट छप्पन सालची. लग्न होऊन वर्ष उलटलं नाही तोच नवरा गेला आणि मी भावाच्या घरी परत आले. भाऊ वाईट नव्हता, पण घरात राज्य वहिनीचं. शेण, पाणी, कांडण, सगळं माझ्या वाट्याला. सातवी पास होते म्हणून हट्टानं मास्तरकीचा अर्ज केला, आणि केशोरीच्या शाळेत मुलींचा नवा वर्ग उघडत होता त्यावर नेमणूक झाली. पण तात्पुरती. थंडीत डिप्टी साहेब येऊन वर्ग तपासणार, पसंत पडला तर नोकरी कायम, नाहीतर मी परत भावाच्या दारात. निघताना वहिनी म्हणाली, "जाय बाई. पन तुझ्या खाटेवर मी धानाचे पोते नाई ठेवत. येशीलच ना वापस!" असा राग आला मला! रस्ताभर दातओठ खात गेले.

कवडू गुरुजी त्या शाळेचे हेडमास्तर. घर कोहळी जातीचं, भाऊ धानाची शेती करायचे, आणि हे एकटे शिकून मास्तर झालेले. अंगानं आडवे, मिशा भरघोस. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरली की गावात नाटक व्हायचं, त्या नाटकाचे हे प्रॉम्प्टर. तरुणपणी स्त्रीपार्ट करायचे म्हणे, पण पुढे वजन वाढलं आणि भर प्रवेशात स्टेजची फळी मोडून राणीसाहेब खाली गेल्या. तेव्हापासून स्टेजपुढच्या खड्ड्यात बसून दुसऱ्यांना बोलतं करायचं काम त्यांनी घेतलं. "गड्ड्यातून जेवढं नाटक दिसते तेवढं खुर्चीवून नाई दिसत," असं ते सांगायचे, आणि शाळाही ते तशीच चालवायचे. आसपासच्या खेड्यांतले नवे मास्तर रविवारी सायकल मारत त्यांच्याकडे यायचे, काय काय अडतं ते विचारायला.

पहिल्या दिवशी ते माझ्या वर्गात मागे येऊन बसले. मला वाटलं, झालं, आता पोरींसमोर माझी शोभा होणार. मी घाबरून जी सुटले ती घंटा होईपर्यंत. प्रश्न मीच विचारला, उत्तर मीच दिलं, वर शाबासकीही मीच दिली. शाळा सुटल्यावर गुरुजींनी मला बसवलं आणि ते म्हणाले, "बाई, नाटक चांगलं झालं. पन दोघाइचं बोलनं तुमी एकट्याच बोलून राहिल्या. त्या पोट्ट्याइनं मंग काय कराव?"

"त्या बोलतच नाहीत गुरुजी! ती धुरपता तर मुकीच आहे."

"मुकी नाई. तिची बारी येयाच्या आत तुमी बोलून टाकता."

मी फणकारले. मला राग लवकर येतो, तेव्हाही यायचा. पण गुरुजींना माझ्या रागाचं काही वाटायचं नाही. दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटली की आमची तालीम सुरू झाली. मी बाई, आणि ते धुरपता. आता डोळ्यांपुढे आणा, मिशीवाला हेडमास्तर टाटपट्टीवर अंग चोरून बसलाय, बोट तोंडात, नजर जमिनीला, आणि शर्टाच्या टोकाला पीळ देतोय. हसून हसून माझी पुरेवाट व्हायची. ते मात्र हसायचे नाहीत. मी प्रश्न विचारायचे, ते गप्प. मला राहवायचं नाही, मी उत्तर देऊन टाकायचे. की लगेच बोट तोंडातून काढून म्हणायचे, "पाहा, आताच बोलनार होतो मी!"

असं रोज चाललं आणि रोज मी हरले. शेवटी एक दिवस त्यांनी घरून भाजलेल्या मोहफुलांची पुरचुंडी आणली. आमच्याकडे मोहफूल घरोघर वाळवून ठेवतात, भाजलं की गोड आणि चिवट, चावायला वेळ लागतो. "प्रश्न इचारला का एक तोंडात टाका," गुरुजी म्हणाले. "चावून गिळेपरेंत बोलाचं नाई. मग जग बुडू द्या."

पोरींना आधी वाटलं, बाई घरून उपाशी येतात. एकीनं तर भाकरीचा तुकडा आणून दिला! पण मोहफूल तोंडात असलं की मला गप्प राहावंच लागायचं, आणि वर्गात आधी कधी नव्हती अशी शांतता व्हायची. त्या शांततेत एखादीचा हात हळूच वर यायचा. मग दुसरीचा. पुढे पुढे तर पोरी एकमेकींना खोडून काढायला लागल्या. गुरुजी मागे बसून फक्त हातानं खुणा करायचे. तळहात खाली केला की थांब, बोट फिरवलं की पुढे चल. धुरपता मात्र अजून गप्पच होती. नुसती माझ्या तोंडाकडे बघत बसायची.

थंडी पडली आणि डिप्टी साहेब आले. मी आदल्या दिवशीच गुरुजींना गळ घातली होती, "उद्या वर्गात बसा. नाहीच जमलं तर खिडकीतून तरी खूण करा." ते "पाहू" म्हणाले होते. साहेब आत आले, गुरुजी नेहमीसारखे मागे बसले, मी धडा सुरू केला. थोड्या वेळानं साहेबांनी हात वर केला. "हेडमास्तर, बाईंची नजर सारखी तुमच्याकडे जाते. तुम्ही बाहेर थांबा." गुरुजी मुकाट्यानं उठून गेले आणि त्यांच्या जागेवर, त्याच टाटपट्टीवर, साहेब बसले.

वहिनीनं रिकामी ठेवलेली ती खाट डोळ्यांपुढे आली.

धडा गावच्या तलावाचा होता. साहेबांनी वर्गावर नजर फिरवली आणि इतक्या पोरींमधून नेमकी धुरपता निवडली. "तू सांग. तलावाची पाळ फुटली तर काय होईल?"

धुरपतानं मान खाली घातली. बोट तोंडात गेलं. मी खिडकीकडे पाहिलं. खिडकी रिकामी. साहेब वाट पाहून म्हणाले, "बरं, हिला येत नाही. दुसरी कोण..."

मला काय झालं देव जाणे! मी पुढे झाले, पुरचुंडी सोडली आणि साहेबांपुढे हात धरला. "साहेब, जरा थांबा. हे मोहफूल तोंडात टाका."

"काय?"

"टाका साहेब. चावून होईपर्यंत बोलायचं नाही. आमच्या वर्गाचा नियम आहे."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मोहफुलाकडे पाहिलं, आणि काय वाटलं कुणास ठाऊक, तोंडात टाकलं. मीही टाकलं. दोघंही चावतोय. वर्गात एक आवाज नाही. माझी नोकरी त्या एवढ्याशा फुलावर अडकली होती, आणि ते काही केल्या संपत नव्हतं, मेलं!

धुरपतानं बोट तोंडातून काढलं.

"पाळ एकदम नाई फुटत, साहेब," ती जमिनीकडे बघत म्हणाली. "पयले उंदराचं बीळ होते. कोनी पाहत नाई. मंग पानी झिरपते, मंग फुटते. फुटली का पयले आमची धानाची बांधी जाईन, मंग मामाची. सारा धान वाहून जाईन. तलावातल्या मासोऱ्या बांधीत येतीन, लोक दोन रोज पोटभर खातीन आन मंग वर्सभर उपाशी. म्हनून माझा आजा पावसाळ्यात रोज पाळीवून फिरते. बीळ दिसलं का बुजवते. मी पन जातो त्याच्यासंग."

आणि मग ती थांबेचना! बिळात कोणती माती भरायची, ती पायानं कशी चोपायची, सगळं सांगितलं. साहेबांचं मोहफूल कधीच संपलं होतं, तरी ते बोलले नाहीत. शेवटी हसून म्हणाले, "बाई, आता हिला थांबवायचं फूलही असेल तर द्या." सगळा वर्ग खिदळला. धुरपताही हसली, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. साहेबांनी तिथेच बसून शेऱ्यात लिहिलं, बाईंना कायम करावं.

मी धावत बाहेर गेले. गुरुजी खिडकीखाली भिंतीला टेकून उकिडवे बसले होते, दोन्ही गाल फुगलेले. माझा बांध फुटला. "गुरुजी, खूण काऊन नाई केली? माझा जीव चालला होता!"

त्यांनी हात वर करून मला थांबवलं, खूप वेळ चावलं, कसंबसं गिळलं आणि म्हणाले, "करनारच होतो, बाई. दोन खेप उठलो. मंग मूठभर मोहफूल तोंडात कोंबलं आन बसलो."

मंडईला भाऊ मला न्यायला आला. माझी नोकरी काही टिकली नसणार, असं घरात ठरूनच गेलं होतं. येताना माझी पेटी ठेवायला रिकामी बैलगाडीही आणली होती त्यानं. मी त्याला पोटभर जेवू घातलं, माझा वर्ग दाखवला, धुरपताला त्याच्यासमोर बोलायला लावलं, आणि निघताना सांगितलं, "वहिनीला म्हणावं, खाटेवर आता खुशाल धानाची पोती ठेव."