दिव्यापुरता प्रश्न

कार्तिक शुद्ध दशमी, रविवार. आज कारखान्याला सुट्टी. सकाळी गोठा झाडला, वहिनींना माहेरी जाणाऱ्या एस.टी.त बसवून दिले, आणि जेवण उरकून मोशीच्या आमच्या घराच्या ओसरीवर लिहायला बसलो.

खेडचे वकील श्री. विष्णुपंत ऊर्फ तात्यासाहेब खांबेटे यांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या गौरवग्रंथाच्या समितीला खरे तर माझ्या थोरल्या भावाचा लेख हवा होता. दादा गेल्या चैत्रात तापाने गेले, म्हणून हे काम माझ्याकडे आले. दादांना लिहिण्याचा सराव नव्हता. ते बोलले असते आणि मी उतरवून घेतले असते. आता दोन्ही मलाच करायचे आहे.

तात्यासाहेबांची पहिली ओळख संकटात झाली. दादा एका व्यापाऱ्याची लॉरी चालवत. चाकणच्या बाजारातला गूळ भरून पुण्याला निघाले असता, दिवेलागणीला कुरुळीजवळ पोलीस जमादारांनी त्यांना थांबवले. लॉरीचा मागचा दिवा लागत नव्हता. जमादार सदूभाऊ बोलायला गोड. "काय पाव्हणं, कुठलं गाव? म्हातारी बरी हाय का?" अशी सुरुवात झाली. आमच्या भागात वाटेवर कोणी विचारले आणि उत्तर दिले नाही, तर तो माज समजतात. दादा बोलत गेले. मग जमादारांनी सहज विचारले, "हा गूळ भट्टीवालं बी घेत असतील की?" दादा म्हणाले, "असतील की. घेणारा घेतो. आपून काय त्याच्या घरी बघायला जातोय व्हय?"

दारूबंदीचे दिवस होते. दादा हातभट्टीला गूळ पुरवतात आणि तसे त्यांनी कबूल केले आहे, असा कागद तयार झाला. परवाना काढून घेतला. रात्रभर चौकीत ठेवले, पण कशासाठी, ते सांगितले नाही. परवाना कायमचा गेला असता तर दादांच्या हाती दुसरा धंदा नव्हता. गावात "भट्टीवाला" हे नाव पडले असते ते वेगळेच.

जामिनावर सुटल्यावर दादांना घेऊन मी तात्यासाहेबांकडे गेलो. त्यांनी सगळे ऐकले आणि पहिला प्रश्न केला, "दिवा होता का?"

"न्हवता, साहेब. तार तुटली हुती."

"मग ते कोर्टात पहिल्याच झटक्याला कबूल करायचं आणि दंड भरायचा. जमत असेल तर मी उभा राहतो."

दादांनी मान हलवली. परतताना मला म्हणाले, "ह्यो वकील आपला हाय का त्यांचा?"

त्याचे उत्तर खेडच्या कोर्टात मिळाले. तात्यासाहेब जमादारांना एकही शब्द टोचून बोलले नाहीत. त्यांनी विचारले, "जमादारसाहेब, लॉरी कशासाठी थांबवलीत?"

"मागला दिवा न्हवता."

"दिव्याबद्दल काय काय विचारलंत?"

सदूभाऊ गोंधळले. "दिव्याबद्दल काय विचारायचं, साहेब? दिसतच हुतं की."

कोर्टात हशा पिकला. तात्यासाहेब हसले नाहीत. मग त्यांनी न्यायाधीशांसमोर शांतपणे आपले म्हणणे मांडले. दिव्यासाठी थांबवलेल्या माणसाला नाव विचारावे, परवाना पाहावा, दिव्याचा दंड करावा. पण रस्त्यावर अडवून धरून, त्याच्याच तोंडून त्याच्यावर दुसरा गुन्हा वदवून घेऊ नये. आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही, असे आपली नवी राज्यघटना सांगते. माणसाला धरले तर का धरले ते सांगावे लागते आणि वकिलाला भेटू द्यावे लागते. न्यायाधीशांनी तो कबुलीचा कागद बाजूला ठेवला. दुसरा पुरावा नव्हताच. दादांना दिव्याचा दंड झाला, तो त्यांनी तिथेच भरला. परवाना हातात आला तेव्हा त्यांनी तो उलटसुलट पाहिला आणि छातीवरच्या खिशात ठेवला.

यावर थांबले असते तर तात्यासाहेब एक चांगले वकील एवढेच म्हटले असते. पण एका निकालाने आमच्या लोकांची बोलायची सवय जाणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. चाकणच्या बाजाराच्या दिवशी ते कडुलिंबाखाली घोंगडी टाकून बसू लागले. लॉरीवाले, टांगेवाले, गाडीवान जमत. एका म्हाताऱ्या गाडीवानाने विचारले, "वकीलसाहेब, मानसानं इचारल्यावर गप कसं बसायचं? काय म्हनंल त्यो?"

"गप बसूच नका. रामराम करा. नाव सांगा, परवाना दाखवा. कशासाठी थांबवलं ते विचारा. त्यापलीकडचं विचारलं तर हात जोडून म्हणा, वकिलांना विचारून सांगतो."

"आन् तंबाखू दिली तर चालंल का?"

"तंबाखू नको. ती लाच होईल."

काही दिवसांनी त्यांनी जे केले ते दुसऱ्या कोणाला सुचले नसते. पेन्शनीत निघालेल्या सदूभाऊंनाच त्यांनी लिंबाखाली बोलावले. कोर्टात मान राखला होता, म्हणून सदूभाऊ आले. तात्यासाहेब म्हणाले, "जमादारसाहेब, तुमच्या हातचा प्रश्न यांना एकदा खाऊ द्या." पहिला मान अर्थातच दादांचा.

"काय पाव्हणं," सदूभाऊंनी सुरुवात केली, "औंदा कांदा कसा काय?"

"बेस हाय की! खालच्या वावरात..." दादा एवढे बोलले आणि जीभ चावली. लिंबाखाली असा हशा उठला की बाजारातली माणसे वळून पाहू लागली. सदूभाऊ दादांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "भावा, तू काय सुधरायचा न्हाईस!" पण पुढच्या खेपेला दादा सुधारले. पुढे ते दोघे एकत्र चहा पीत.

तात्यासाहेबांच्या मायेबद्दल एकच सांगतो. दादा गेले तेव्हा घरी येणारा प्रत्येकजण विचारत होता, ताप कधी आला, डॉक्टर कोण होता, पुण्याला का नेले नाही. वहिनींना उत्तरे द्यावी लागत. विचारणारे आपलेच, त्यांना गप्प कसे बसवणार? तात्यासाहेब खेडहून आले, चपला काढून ओसरीवर माझ्याजवळ बसले. त्यांनी काहीच विचारले नाही. ऊन उतरेपर्यंत बसले आणि निघताना वहिनींना हात जोडले. वहिनी त्या दिवशी पहिल्यांदा नीट जेवल्या.

दादांनी शेवटपर्यंत लॉरी चालवली, तीही मान वर करून. यापुढेही अनेक घरांतली माणसे संध्याकाळी तशीच घरी परतावीत, त्यासाठी तात्यासाहेबांना उदंड आयुष्य आणि चांगली प्रकृती लाभो, लिंबाखालची त्यांची घोंगडी अशीच अंथरलेली राहो, हीच आमच्या घराची इच्छा आहे.

लेख पाकिटात घातला आहे. उद्या सकाळी टपालपेटी उघडण्याआधी तो चाकणच्या टपालात पडायला हवा, म्हणून आत्ताच निघायचे आहे. त्या निकालानंतर दादांना एक सवय लागली होती. घरातून कोणीही संध्याकाळी निघाले की ते आतून ओरडत, "दिवा हाय का?" आता दिवेलागण झाली आहे आणि आज घरात कोणी नाही. सायकल भिंतीला टेकवली, तिच्या दिव्याची काच धोतराच्या सोग्याने पुसली, वात थोडी वर केली आणि काडी ओढली.