गुणाकररावायची जावा-लायब्ररी

आमचे गुणाकरराव देवपुजारी सकाळी लोकायची लग्नं लावत, श्राद्धं करत, अन् दुपारून बालाघाटच्या बसस्टँडपाशी एका कम्प्युटर सेंटरात जावा शिकवत. दोन्हीकडे कपडे तेच. धोतर नेसून जावा शिकवणारा मास्तर जिल्ह्यात एकच होता अन् तो माह्या वाट्याले आला. लोक मले विचारत, "अहिल्याबाई, तुमचे मिस्टर करतात काय?" मी सरकारी शाळेतली मास्तरीण, उत्तरं देणं हाच माहा धंदा. पण याचं उत्तर मले कधी नीट देता आलं नाही.

दोन हजार चारच्या पावसाळ्यात ते घरी एक लायब्ररी बनवत होते. मी आधी खूश झालती, म्हटलं, चला, वाचायले काही मिळन. पण एक पुस्तक नव्हतं तिच्यात, दुसऱ्यायनं आपल्या प्रोग्रामाले जोडून वापरायचा तो तयार कोड होता. जावाचा प्रोग्राम लहान लहान तुकड्यायचा बनलेला असते, त्या तुकड्यायले क्लास म्हणतात. गुणाकररावायची लायब्ररी चालत्या प्रोग्रामात कोणत्याही अनोळखी क्लासपाशी जाऊन चौकशी करे. तुहं नाव काय, तुहा बाप कोण, तुह्या पोटात काय काय आहे. अन् त्या उत्तरायवरून स्क्रीन आपोआप तयार करे. पेशंटचा क्लास असन तं पेशंटची स्क्रीन, औषधाचा असन तं औषधाची. माणसानं एकेक स्क्रीन हातानं बनवत बसायचं काम नाही.

"पण कोणती गोष्ट मराठीत काय म्हणून दाखवायची, कोणती रिकामी सोडायची नाही, हे तिले कसं समजते?" मी विचारलं.

"टिळा लावतो," ते म्हणे. जावाच्या नव्या आवृत्तीत तशी सोय येऊन राह्यली होती. क्लासच्या माथ्यावर एक खूण ठेवायची, लायब्ररी ती वाचते. "गंध पाहून शैव का वैष्णव ते समजते ना, तसं."

चौकशीचं एवढं शास्त्र या माणसापाशी. अन् घरात मी एक प्रश्न विचारला तं मुका.

प्रश्न साधा होता. आम्हाले लेकरू नव्हतं. डॉक्टर, नवस, जडीबुटी, सारं करून झालं होतं. नागपूरच्या एका आश्रमात प्रियंका नावाची चार वर्षांची पोट्टी होती, तिले मी दोनदा पाहून आलती. पहिल्या वेळेस ती माह्या पदराशी खेळली. दुसऱ्या वेळेस तिनं पदर सोडलाच नाही, आश्रमाच्या बाईनं बोटं एकेक करून सोडवली. मले ती पाहिजे होती. पण बाई म्हणे, नवराबायको दोघायचं 'हो' पाहिजे, अन् दसऱ्यापर्यंत पाहिजे, दुसरं एक घर वाट पाहून राह्यलं.

गुणाकरराव 'नाही' म्हणत नसत. नाही म्हटलं असतं तं मी भांडली असती, मले भांडता येते. ते म्हणत, "लायब्ररी होऊ दे."

"लायब्ररीचा काय संबंध?"

"डोक्यात एका वेळी एकच गोष्ट राहते, अहिल्या."

सपशेल खोटं. या माणसाच्या डोक्यात लग्नाचे मुहूर्त, श्राद्धाच्या तिथ्या अन् जावा एकाच वेळी सुखानं नांदत. खरं काय ते एकदा जेवता जेवता बाहेर पडलं. "माह्यातून तिच्यात काहीच गेलं नाही," ते म्हणे. "मी बाप म्हणवून घेईन, पण खरा कसा होईन? अन् तिले उद्या समजलं तं?" मले रागही आला अन् कीवही आली. दोन्हीचं मिळून मी त्यायच्या पानात न विचारता भात वाढला. त्यायनं निमूट खाल्ला.

दसऱ्याच्या चारपाच दिवस आधी नागपूरच्या एका कंपनीचा इंजिनिअर आमच्या घरी आला. अनय त्याचं नाव. कंपनी दवाखान्यायसाठी सॉफ्टवेअर बनवत होती अन् लायब्ररी घ्यायची का नाही हे त्याले ठरवायचं होतं. गोंदियावरून राजेगावच्या रस्त्यानं जीपमध्ये आदळत आलता, म्हणून आधी पाणी मागतलं, मग खुर्ची. लाईट होती, हे त्या दिवसाचं पहिलं नवल.

गुणाकररावायनं आपले क्लास दाखवले. वर माणूस, त्याच्या खाली कामगार, त्याच्या खाली भरवेलीच्या खाणीतला कामगार. वरच्याचं सारं खालच्याले मिळते, पण ते खालच्याच्या फाइलीत लिहिलेलं नसते. म्हणून लायब्ररीले बापापाशी, आजापाशी जाऊन विचारावं लागे. ती गेली, विचारून आली, स्क्रीन झोकात उभी राह्यली. अनयनं मान डोलावली अन् आपली सीडी घातली. त्याच्या पेशंटची स्क्रीन आली. वॉर्ड होता, पलंग होता, डॉक्टर होता, रक्तगट होता.

"सर, पेशंटचं नाव?" अनय म्हणे.

नाव नव्हतं. ते त्यायच्या सगळ्यात वरच्या क्लासमध्ये होतं, पार खापरपणज्याच्या वर. अनयनं कोड उघडायले लावला अन् एका ओळीवर बोट ठेवलं. "हे तीन कशाचे? तीनदा वर जाते अन् थांबते. काहून?"

"तीन पिढ्या," गुणाकरराव म्हणे. "बाप, आजा, पणजा. पिंड तिघायलेच असतो."

"अन् त्याच्या वरचे?"

"ते सुटले. त्यायले बोलवत नाहीत."

अनयनं चहाचा घोट घेतला. "म्हणजे आमच्या पेशंटच्या नावाले मोक्ष मिळाला."

"तसंच म्हणायचं," गुणाकरराव म्हणे. हसले नाहीत. मी स्वयंपाकघराच्या दारात कपाळाले हात लावून उभी. पावसाळाभर खपून या माणसानं जावाचं श्राद्ध घातलं होतं.

चूक दुरुस्त करायले काही लागलं नाही. तीन खोडले, बाप आहे तोवर वर जा असं लिहिलं. पेशंट नावागावासकट हजर झाला. अनय खूश झालेला दिसला, पण त्याले अजून एक पाहायचं होतं.

"वर जाणं झालं. आता खाली? एखाद्या क्लासले विचारलं, तुही लेकरं कोणती, तं तो सांगन का?"

"नाही."

"काहून नाही?"

"त्याले माहीतच नसते. बापाच्या फाइलीत लेकराबद्दल एक अक्षर नसते. लेकरू आपल्या फाइलीत लिहिते, मी याचं. तेवढ्यानं नातं झालं. बापाले काही करा लागत नाही, त्याच्यात काही बदलत नाही."

"बरोबर," अनय म्हणे. "तुम्ही उगाच हो म्हणता का, ते पाहत होतो."

मी पोह्यायच्या प्लेटा घेऊन आलती. त्या टेबलावर ठेवल्या, जरा जोरात ठेवल्या.

"म्हणजे बाप कोण ते लेकरू ठरवते?" मी विचारलं.

"जावात, हौ."

"बापाचं काही त्याच्यात गेलं का, हे कोणी पाहत नाही?"

गुणाकररावायनं माह्याकडे पाह्यलं. "अहिल्या, पाहुण्यासमोर..."

"पाहुण्यासमोरच. नागपुरात एक लेकरू बसलं आहे कोणाचं तरी व्हायले, अन् तुम्ही इथं तुह्या पोटात काय, तुह्या पोटात काय, करत बसले. तुम्हाले काही करा लागत नाही म्हणता ना? मग नुसते उभे तं राहा तिच्यासमोर."

अनय पोह्यातले शेंगदाणे एका बाजूले काढू लागला. गुणाकररावायनं स्क्रीन बंद केली. माहा आवाज चढला होता अन् डोळे भरले होते, दोन्ही मले आवरले नाहीत.

"तुहं बरोबर आहे," ते शेवटी म्हणे. अन् अनयले म्हणे, "पोहे घ्या, थंड होऊन राह्यले."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तं गुणाकरराव पँट घालून उभे. नवरात्रातल्या पूजा दुसऱ्या भटजीकडे देऊन टाकल्या होत्या. मी विचारलं, "हे काय ध्यान?" तं म्हणे, "धोतर पाहून पोट्टी भ्याली तं?"

कंपनीनं लायब्ररी घेतली, ती दवाखान्यायत चालली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. प्रियंका घरी आली. दिवाळीच्या आत ती मले आई म्हणू लागली. त्यायले मात्र काहीच म्हणत नव्हती. पाणी द्यायचं तं समोर नेऊन ठेवे अन् पळून जाय. ते कम्प्युटरवर बसले की दारातून पाही, त्यायनं मान वळवली की गायब. मी म्हटलं, "मी शिकवते तिले बाबा म्हणायले. चार दिवसांचं काम आहे."

"शिकवायचं नाही," ते म्हणे. "तिचं तिनं लिहिलं पाहिजे."

भल्ले आले लिहिणारे. पण मी ऐकलं, कारण हे बोलताना त्यायचा चेहरा पाहवत नव्हता.

उन्हाळ्यात रामपायलीले एक लग्न होतं, आम्ही तिघंही गेलो. गुणाकरराव माइकवर मंगलाष्टकं म्हणत होते, अंतरपाट धरलेला, मी अन् प्रियंका बायायमध्ये उभ्या. बाजूले नवरीची आजी मैनाबाई, कानानं जड. तिनं पोरीची हनुवटी धरून विचारलं, "कोणाची व तू?"

मी तोंड उघडतच होती, पण प्रियंकानं बोट केलं. "त्यांची."

"आं?"

"त्यांची."

"कोणाची म्हणतं?"

तेवढ्यात एक अष्टक संपलं, अक्षता पडल्या अन् मांडव शांत झाला. प्रियंकानं दम घेतला अन् होता नव्हता तेवढा आवाज काढला. "त्या भटजीची. माहे बाबा आहे ते."

माइकवरून पुढचं अष्टक काही आलं नाही. सगळा मांडव हातात अक्षता घेऊन उभा. नवरीचा मामा म्हणे, "गुरुजी?" गुणाकररावायनं घसा साफ केला अन् मधलं सोडून एकदम शेवटचं अष्टक म्हटलं. अंतरपाट निघाला, बँड वाजला. माह्या अक्षता मुठीतच राह्यल्या, मी त्याच मुठीनं डोळे पुसत होती.

परत येताना जीपमध्ये प्रियंका त्यायच्या मांडीवर झोपली. घर जवळ आल्यावर ते म्हणे, "एक अष्टक राह्यलं."

"हौ."

"लोकायनं ऐकलं असन?"

"राह्यलेलं अष्टक कसं ऐकतीन?"

"ते नाही. ही बोलली ते."

"सगळ्या मांडवानं ऐकलं," मी म्हटलं. "मैनाबाईनंही ऐकलं."

ते तिचे केस कपाळावरून मागे सारत हळूच म्हणे, "पुन्हा विचारून पाहू का तिले?"

"झोपू द्या," मी म्हटलं.